बारा फोटोंचा रोल

आमच्या स्टुडिओत दोन कॅलेंडरं टांगलेली असत. एक कालनिर्णय, घरोघरी असतं तसं. दुसरं इस्राएल आळीतून दरवर्षी यायचं. त्यावर आपल्या तारखांच्या शेजारी हिब्रू महिने असत. गिऱ्हाईक फोटोसाठी केस विंचरता विंचरता विचारायचं, "हे कसलं वो?" दादा म्हणायचे, "हे आमचं चातुर्मासाचं."

त्यात थट्टा होती, पण खोटं नव्हतं. आषाढी एकादशी झाली की फोटोग्राफरचा धंदा झोपतो. मुहूर्त नाहीत, बँडवाले शेतावर, मांडववाले घरी. पार तुळशीच्या लग्नापर्यंत पासपोर्ट साइजवर नि एखाद्या नामकरणावर घर ढकलायचं. इस्राएली लोकांचा हिशोब वेगळा. पेसाह, म्हणजे वल्हांडणाचा सण झाला की पुढचे सात आठवडे ते लग्न काढत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच आपली लगीनसराई. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुखवट्याच्या उपासाआधीचे तीन आठवडेही वर्ज्य. तो उपास जुलै-ऑगस्टात येतो. तो एकदा पार पडला की वाट मोकळी. भर श्रावणात, बदाबदा पावसात, छत्र्यांखालून नवरी निघायची. ते एखाददुसरं लग्न म्हणजे आमच्या घरात दोन महिन्यांचा किराणा.

अलिबागला इस्राएल आळी आहे हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. इथल्या माणसाला त्यात काही वाटत नाही. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बाया वाचल्या, त्यांचे हे वंशज, असं ते सांगत आले. गावोगाव पसरले नि गावांची नावं लावली. दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. सोमवारी सुट्टी घेणारे ते सोमवार तेली, ते वेगळे. त्यांच्या देवळाला जुनी माणसं मशीदच म्हणत. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली पहिलं बांधलं, त्याच्यावरून मशीद बंदर नाव पडलं असं सांगतात. अलिबागचं १८४८ सालचं, १९१० साली पुन्हा बांधलेलं. आळीत घरी बोलायची भाषा मराठी, जेवायला वालाचं बिरडं नि नारळाच्या रसातलं मटण. मटणाला दूध-दही लावायचं नाही, म्हणून सगळा कारभार नारळावर. दादा म्हणत, यांच्या लग्नात जेवायला मिळतं ते आपल्या लग्नात फोटोग्राफरला कोणी विचारतसुद्धा नाही.

दादांनी आळीतली कितीतरी लग्नं काढली होती. मी त्यांच्यामागे फ्लॅशची बॅटरी धरून हिंडायचो. पहिलं लग्न एकट्याने काढायची पाळी आली १९८१ च्या ऑगस्टमध्ये. दादांना हिवताप. गोधडीतून हात बाहेर काढून त्यांनी कॅमेरा दिला, याशिका, दोन डोळ्यांचा, वरून वाकून बघायचा. त्याबरोबर चार रोल. एका रोलात बारा फोटो, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. म्हणाले, "मोजून मार. त्यांच्यात आपल्यासारखं थांबवता येत नाय."

मला ते कळलं नाही. आपल्या लग्नात फोटोग्राफर म्हणजे दुसरा भटजी. "हार परत घाला, इकडं बघा, मामा बाजूला व्हा, नवरीबाई हसा." मंगळसूत्र एकदा बांधून झालं तरी फोटोसाठी पुन्हा गळ्यात धरायचं. अक्षता पडून गेल्या तरी मूठभर पुन्हा उधळायच्या. मी एकोणीस वर्षांचा, असलं सगळं बघून तयार झालेला. म्हटलं, होतंय काय त्यात.

लग्न रविवारी. मेंदी आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी. मी संध्याकाळी सहालाच पिशवी घेऊन हजर. नवरीचं घर म्हणजे एके काळी घाण्याचं घर. बैल गेले होते, घाणा थांबून बरीच वर्षं झाली होती, अंगणात नुसती उखळ राहिली होती नि तिच्यात पावसाचं पाणी साचलेलं. पडवीत बसलो. पन्नासेक माणसं घरात, मेंदी वाटून ठेवलेली, पोरी नटलेल्या, आणि सगळी नुसती बसून. दिवासुद्धा कोणी लावत नव्हतं. मला वाटलं वीज गेलीय. म्हटलं तोवर फ्लॅश तपासून घेऊ. कळ दाबली. फट्! सगळी पडवी पांढरी झाली.

नवरीची आजी आतून ओरडली, "कोन रं तो? शाब्बाथ आहे अजून!"

शाब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, काम करायचं नाही, फोटो तर नाहीच. तीन तारे दिसले की शाब्बाथ सुटतो. मी मान खाली घालून बसलो. आजी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं नि ओळखलं. "तुझा बापूस नाय आला? त्याला म्हाईत असतं सगलं." मग माझ्याशेजारी बसून तिने वर बघितलं. आभाळ काळंकुट्ट, वळचणीचं पाणी धो धो. मी विचारलं, "आजी, श्रावणात तारे कुठून दिसणार?" ती म्हणाली, "श्रावणात घड्याळ बघतात." आणि आतून कोणीतरी हसलं.

मेंदीचे फोटो सोपे गेले. तिथे आपलंच सगळं, ओळखीचं. गाणी मराठी, बांगड्या हिरव्या. नवऱ्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला मेंदी लावून वर चिंधी बांधली. एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा केलेला, पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची नि फळांच्या फोडी, मोठ्या ताटात. ताट फोटोत भरलेलं दिसावं म्हणून मी केळ्याच्या फोडी पुढे सरकवल्या. आजीने काही न बोलता त्या होत्या तिथे परत ठेवल्या.

पहिला रोल तिथेच संपला.

रविवारी सकाळी सिनेगॉगला गेलो तर दारात एका काकांनी अडवलं. डोक्याला काही नाही. मी खिशातला रुमाल बांधला. आत मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, त्याला तेबा म्हणतात. समोरच्या भिंतीत पडद्यामागे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, ते हेखाल. नवरा-नवरी तेब्यावर हेखालाकडे तोंड करून उभी राहणार. म्हणजे चेहरे पाहिजेत तर फोटोग्राफरने हेखालाच्या पुढे उभं राहायचं. मी सरळ तिथे जाऊन कॅमेरा उघडला.

हजान आले. हजान म्हणजे प्रार्थना चालवणारे. आमच्याकडच्या इस्राएली लोकांत रब्बी नसे, हजानच सगळं करीत. वयस्कर, सडपातळ, आवाज एवढासा. म्हणाले, "बाळा, हेखालाला पाठ करून नको उभा राहूस. तुझे वडील त्या खांबाशी राहतात." खांबाशी गेलो. तिथून अर्धे चेहरे दिसत. दादांच्या सगळ्या फोटोंत इस्राएली नवऱ्या एका बाजूने का असतात ते त्या दिवशी समजलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, दादांना ती पोझ आवडते.

दुसरा रोल भरला. हा रोल मला फोटो-फोटोने पाठ आहे.

एक नि दोन, नवरा दारातून येताना, चौकटीवरच्या मेझुझाला बोटं लावून ती ओठांना लावताना. तीन, तेब्यावर उभा, अंगावर सिसीथ, म्हणजे झालरींची पांढरी शाल. मग तो गायला लागला.

हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. दादांबरोबर असायचो तेव्हा माझं लक्ष बॅटरीवर असे. नवरी दारात येते, पांढरं लुगडं, वडिलांच्या हाताला धरून, आणि नवरा तिच्याकडे तोंड करून गातो. गाणं हिब्रू, योनाथी. योनाथी म्हणजे माझी पारवी. आपल्याकडे नवरा लग्नात तोंड उघडतो ते नाव घ्यायला, तेही चार बायांनी चिमटे काढल्यावर. हा पेणकडचा साधा पोरगा, कुठल्याशा कारखान्यात फिटर, घामाने डबडबलेला, पाचशे डोळ्यांसमोर एकटा गात होता. आवाज फाटत होता. बाकीची मंडळी मागून सूर धरीत, नि नवरी एकेक पाऊल टाकीत येत होती. बाहेर पाऊस एवढा की मधूनच गाणं बुडायचं, परत वर यायचं.

मी चार फोटो मारले. चार! दादांनी एक मारला असता. सात झाले. आठवा, नवरी तेब्यावर पोचली तो. नऊ नि दहा, नवऱ्याच्या हातात पेला. त्यात दारू नसते. काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, गाळून केलेलं सरबत असतं, द्राक्षाच्या रसाच्या जागी. आशीर्वाद म्हणून झाला, तो प्याला, तिला दिलं.

माझ्या लक्षात आलं, दोन उरले आणि अंगठी आता येणार.

वरून बघायच्या कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं, उजवं ते डावं. अंगठी नवरीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात हे मला माहीत होतं, म्हणून मी उजव्या हाताची वाट बघत होतो, आणि काचेत तो हात डावीकडे होता. समजेपर्यंत त्याने बोट धरलं. अकरावा मारला. फ्लॅश पेटलाच नाही, मेंदीच्या रात्रीपासून बॅटरी थकलेली. बारावा मारला तेव्हा फ्लॅश लागला, पण अंगठी बोटात गेलेली, हात खाली आलेला, तिची मूठ पदरात. रोल संपला.

मी काय केलं, तर आपल्या लग्नात करतो तेच. कठड्याजवळ गेलो नि म्हटलं, "काका, अंगठी परत एकदा घालायला सांगा ना. फोटो नाय आला."

सगळं गप्प झालं. बायांच्या बाजूला कुजबुज. हजान रागावले नाहीत. खाली वाकून, त्या बारीक आवाजात म्हणाले, "परत नाही घालता येत, बाळा. घातली ती घातली. लग्न लागलं."

मी मागे सरलो. कान तापले होते. बाकाआड खाली बसून रोल बदलायला घेतला. रिकामं रीळ वर चढवायचं, नव्या रोलाची पट्टी फोडायची, कागदाचं टोक फटीत घालायचं, बाणाची खूण जुळवायची. रोज डोळे मिटून करायचो. त्या दिवशी टोक फटीत जाईना. वर हजान कसला तरी कागद वाचत होते, लांबच लांब, एका सुरात. मला वाटलं, वाचू देत, कागद वाचण्याचा फोटो कोण घेतं? त्यात बघण्यासारखं काय? आणखी वेळ मिळाला म्हणून उलट बरं वाटलं. बाहेर आलो तोवर सात आशीर्वाद सुरू झाले होते. पायाखाली पेला फोडतानाचा मात्र सुरेख मिळाला, काच उडतानाची. पेला फोडतात तो मंदिर पडलं त्याची आठवण म्हणून, सुखाच्या घडीलासुद्धा. तो फोटो पुढे कितीतरी वर्षं स्टुडिओच्या दर्शनी काचेत होता.

जेवणं झाल्यावर हजानांनी मला जवळ बोलावलं. बोलणी बसणार असं धरून गेलो. त्यांनी स्वतःच्या ताटातला हलव्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला नि समजावून सांगितलं. दोन साक्षीदारांसमोर नवऱ्याने अंगठी दिली आणि मोशेच्या नि इस्राएलच्या नियमाने ही माझी झाली असं म्हटलं, की लग्न झालं. ती करणी आहे, देखावा नाही. परत घालायला लावलं तर आधीची काय खोटी होती? आणि तो कागद म्हणजे केथुबा, करारपत्र. नवऱ्याने बायकोचं काय काय देणं लागतो ते त्यात लिहितात, साक्षीदार सही करतात, आणि तो कागद नवरीच्या ताब्यात देतात. "साक्षीदार नात्यातले चालत नाहीत," ते म्हणाले. "परका पाहिजे. आपला पण परका." हे वाक्य मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

अल्बममध्ये छत्तीस फोटो लावले. अकरावा काळा होता, बारावा छापलाच नाही. अंगठी दिसत नसताना छापून काय करायचं, कागद फुकट. नवरीच्या वडिलांनी अल्बम दोनदा चाळला नि म्हणाले, "अंगठी नाय रं ह्याच्यात." माझं तोंड उतरलं. आजी म्हणाली, "तिच्या बोटात आहे ना? मग झालं." पैसे त्यांनी पुरते दिले, एक रुपया कापला नाही. कापला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

दादांना मी सांगितलं ते एवढंच, की बॅटरी बसली. त्यांनी विचारलं, "हजान काय बोलले?" म्हणजे त्यांना आळीतून आधीच कळलं होतं.

त्यानंतर मी क्रम पाठ केला. वहीत लिहून ठेवला. प्रवेश, योनाथी, पेला, अंगठी, केथुबा, सात आशीर्वाद, पेला फोडणं. अंगठीच्या आधी रोल बदलायचा, अर्धा उरला असला तरी. अंगठीला दोन, केथुबाला दोन, साक्षीदार सही करताना एक. पण शिकलो तोवर गिऱ्हाईक आटत चाललं होतं. १९४८ साली इस्राएल देश झाला तेव्हापासून लोक जात होतेच. आमच्या आळीतून ऐंशीच्या सुमारास आणखी घरं रिकामी झाली, कोणी ठाण्याला गेलं, कोणी तिकडे. जायच्या आधी सगळं कुटुंब स्टुडिओत यायचं, एकेकाचा पासपोर्ट फोटो काढायला. पांढऱ्या पडद्यासमोर, कान दिसले पाहिजेत. कधीकधी मीच लग्न काढलेलं जोडपं असायचं, बरोबर दोन पोरं. लग्नाचे छत्तीस फोटो, मग एकेकाचे आठ-आठ पासपोर्ट, नि मग काहीच नाही. दुसरं कॅलेंडर येत राहिलं. त्याच्याकडे बघून लग्नाची तारीख धरायची वेळ मात्र क्वचित येऊ लागली. १९८१ चं ते जोडपंही असंच गेलं, १९८५ साली.

निगेटिव्ह मी टाकल्या नाहीत. समुद्रकाठी फिल्मला बुरशी लवकर धरते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत तांदळाच्या पुरचुंड्या घालून ठेवल्या, दर दिवाळीला तांदूळ बदलले. बायको म्हणायची, कोणाची लग्नं सांभाळताय? आपल्या लग्नाचा अल्बम सापडत नाय.

२०१४ च्या मे महिन्यात फोन आला, परदेशी नंबर. बाई बोलत होती, मराठी, पण आमच्या आळीचं चाळीस वर्षांपूर्वीचं, आजीच्या तोंडचं. "तुमी फोटोवाले ना? माजी आई घाण्याच्या घरची." मुलगी होती त्या जोडप्याची, दिमोना गावात राहणारी. नंबर तिला ठाण्याच्या मामाकडून मिळाला. तिचं लग्न ठरलं होतं. तिकडे लग्न नोंदवायचं तर मुलीला आईबापांची केथुबा दाखवावी लागते. ती घर बदलताना कुठे गेली कोणास ठाऊक. वडील वारले. आईला विस्मरण. सिनेगॉगच्या दप्तरातली नोंद काढायचं मामाने हाती घेतलं होतं, पण साक्षीदारांपैकी कोणी हयात असेल तर त्याचं पत्र जोडलेलं बरं, असं तिला कोणीतरी सांगितलं. आणि साक्षीदार कोण होते हेच कोणाला आठवेना. नातेवाईक असते तर आठवले असते. नात्यातले चालत नाहीत, म्हणून तर परके घेतले होते.

"केथुबा वाचताना फोटो काढला असेल ना तुमी?" तिने विचारलं. "अल्बममध्ये नाय. पण काढला असेल."

तेहतीस वर्षांनी मला तो रोल पुन्हा हातात लागला. मी म्हटलं, "बघतो."

या कागदाचं त्या लोकांना काय मोल आहे ते मला तोवर थोडं वाचून कळलं होतं. १९६० च्या सुमारास इस्राएलमधल्या धर्माधिकाऱ्यांनी आपल्याकडून गेलेल्या बेने इस्राएल लोकांच्या लग्नांबद्दल शंका काढली. पिढ्यान्‌पिढ्या हे कोकणात एकटे, यांची लग्नं नि काडीमोड नियमाप्रमाणे झाले कशावरून, असं म्हणून लग्न लावायच्या आधी त्यांच्या आज्या-पणज्यांची चौकशी. जेरुसलेमला धरणं धरलं लोकांनी. १९६४ साली तिथल्या संसदेने नि सरकारने हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, बरोबरीचे आहेत, असं ठणकावून सांगितलं, तेव्हा ते प्रकरण निवळलं. आता विचारतात ते सगळ्यांनाच विचारतात. पण ज्याच्या घरात ही आठवण आहे त्याचा हात कागद मागितला की थरथरणारच.

डबा उघडला. रोल होता, बुरशी एका कोपऱ्याला. खिडकीशी धरून बघितला. दहा, पेला. अकरा, जवळजवळ कोरा. बारा. हा फोटो मी धुतला तेव्हा एकदा बघितला असेल, अंगठी नाही म्हणून सोडून दिलेला. आता मुलाने संगणकावर मोठा केला. मधोमध नवरीची मूठ पदरात. नवऱ्याच्या गालावर घाम. हजानांचा हात बाजूला गेलेला, आणि त्या हातात येऊ घातलेला, अर्धा उलगडलेला कागद. तो धूसर, अक्षर एक लागत नाही. पण कागद पुढे करणारी दोन माणसं कठड्याशी फ्लॅशच्या पुऱ्या उजेडात उभी होती. एकाचा चेहरा अर्धा. दुसरा उंच काळी टोपी घातलेला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

दोन पेनं बघून माझ्या बायकोने ओळखला. "मास्तर! चौथीला होते मला."

मास्तर ठाण्याला होते, नव्वदीला टेकलेले. मुलगा आणि मी गेलो. त्यांना सहीचं काही आठवत नव्हतं. म्हणाले, "साक्षीला मी बऱ्याच लग्नांत उभा राहिलोय, गावात शिकलेला म्हणून." मग फोटो हातात घेतला, भिंगातून बघितला, खूप वेळ. "टोपी माझीच," ते म्हणाले. "आणि हा शेजारचा तर गेला. ह्याचीच सही वाकडी आली होती, मी त्याला म्हटलं होतं, पेन माझं घे." त्यावरून बाकीचं हळूहळू आलं. नवऱ्याचं नाव, पाऊस, कोणीतरी अंगठी परत घालायला सांगितली म्हणून हशा झाला तो.

"तो मी," मी म्हटलं.

"तूच का तो," मास्तर म्हणाले नि त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

त्यांचं पत्र गेलं, मामाने मिळवलेली दप्तरातली नोंदही गेली. काम कशाने झालं ते मी विचारलं नाही. मी त्या पोरीला बारावा फोटो पाठवला आणि अंगठी हुकल्याचंही सांगितलं. तिने कळवलं, आईला दाखवला, आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पाऊस होता."

लग्नाआधी आठ दिवस तिचा परत फोन. तिकडच्या तरुण पोरांना आपल्याकडची पद्धत सगळी माहीत नसते, नवरा तर मुळात आपल्याकडचा नव्हे. योनाथी कधी म्हणायचं, नवरी आत आल्यावर की येता येता? मेंदीच्या बोटाला चिंधी कधी सोडायची? मी वही काढली. खिडकीत बसून तिला क्रम सांगितला, सगळा, चिंधीपासून पेल्यापर्यंत. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "भटजी झालात की."

लग्न झाल्यावर तिने मोबाइलवर शेकडो फोटो पाठवले. मोकळ्या जागेत, चार काठ्यांवर ताणलेलं पांढरं कापड, त्याला हुप्पा म्हणतात. चेहरे समोरून, सगळे. नवरा तोंड उघडून गातोय. आई खुर्चीत, पांढरं लुगडं. अंगठीचे नऊ. आणि केथुबा वाचतानाचे मी मोजले, सव्वीस. तिने फोटोग्राफरला बजावलं होतं म्हणे. त्यातला एक नुसता कागदाचा, चारही कोपरे दिसणारा, खाली दोन सह्या. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. हिब्रू मला येत नाही, पण दुसरी सही थोडी वाकडी आहे.